कोणी कोणाच्या वाटेला जाऊ नये: एक बोळ, एक कागद आणि एक शब्द

गेल्या वर्षी आमच्या वाड्यातलं एक लोखंडी गेट अठरा दिवस बंद होतं आणि त्याला कारण नानांची एक कोटी. रुपयांची नाही हो, शब्दावरची. रुपयांची असती तर भांडण निदान चारचौघांत सांगता तरी आलं असतं. आता सांगायला गेलं की ऐकणारा आधी हसतो, मग जरा थांबून म्हणतो "पण मग तुझ्या दादाचंही बरोबरच आहे की," आणि खरी गोम तिथेच आहे. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतेय, कारण घरात आता प्रत्येकाची आपापली आवृत्ती तयार झालीय आणि आत्याच्या आवृत्तीत तर मी रडलेसुद्धा आहे, जे झालेलं नाही.

आधी जागा समजून घ्या. इंदूर, मल्हारगंज. वाडा जुन्या इंदुरातल्या वाड्यांसारखाच, रस्त्यावरून बघाल तर अरुंद आणि आत शिराल तर संपतच नाही. पुढे ओटला, दोन दुकानं भाड्याने दिलेली, वर खोल्या, तो भाग थोरल्या काकांचा, काका गेल्यापासून तिथे मोठी काकू, काकांचा मुलगा म्हणजे आमचा दादा, वहिनी आणि त्यांचा मुलगा. मग मध्ये साडेतीन फुटी बोळ, समोरून कोणी गॅसची टाकी घेऊन आलं तर आपण भिंतीला पाल होऊन चिकटायचं. बोळ संपला की चौक, तुळस, आड, आणि त्यामागे आम्ही. आम्हाला मागूनही एक दार आहे, पण ते जिथे उघडतं त्याला गल्ली म्हणणं हा गल्लीचा अपमान आहे, दोन घरांच्या पाठींच्या मधली फट आहे ती, खाली ड्रेनेज, वर सगळ्यांच्या एसीचं पाणी टपकतंय.

या बोळाला घरात कोणीच बोळ म्हणत नाही. वाट म्हणतात. "वाटेत चपला काढू नका", "वाटेतला बल्ब गेलाय", "वाटेत मांजर व्यायलंय". हे लक्षात ठेवा.

कागद

काकांच्या ट्रंकेत दादाला तो सापडला. रेघांच्या वहीचं एक पान, नानांचं अक्षर, शाईचं पेन. नाना म्हणजे आमचे आजोबा, शाळेत मराठी शिकवायचे आणि रिटायर झाल्यावर घरातल्यांना शिकवायचे, आणि कोटी केल्याशिवाय त्यांना जेवण पचत नसे. २००१ साली इंदुरात साहित्य संमेलन भरलं होतं, अध्यक्ष विजया राजाध्यक्ष, त्या मांडवात नाना तीन दिवस पाणी वाटत होते आणि प्रत्येक ग्लासाबरोबर एक कोटी फुकट. शेवटी लोक पाणी नको म्हणायला लागले असं बाबा सांगतात.

पानावर एवढंच:

"वाड्याचे वाटे दोन. पुढचा थोरल्याच्या वाट्याला, मागचा धाकट्याच्या वाट्याला. वाटेला वाटा नाही. माझ्यामागे कोणी कोणाच्या वाटेला जाऊ नये, आपापल्या वाटेने जावे. वाटलेच तर एकमेकांची वाट पाहावी."

पाच वाक्यं आणि त्यात वाट आणि तिचं गणगोत मिळून नऊ वेळा. वाडा धरला तर दहा, कारण वाडासुद्धा संस्कृतातल्या वाट या शब्दातूनच आलाय, वाट म्हणजे तिथे कुंपण घातलेली जागा, वाटिकेची जशी वाडी झाली तसाच वाटाचा वाडा. नानांना हे माहीत असणारच, उगाच नाही पहिलं वाक्य "घराचे" न म्हणता "वाड्याचे" ने सुरू केलं.

दादा हिंदी मीडियमचा. त्यात काही वाईट नाही, इंदुरात आमच्या पिढीतले बहुतेक जण एक तर हिंदी मीडियमचे नाही तर इंग्लिश, मराठी फक्त घरात आणि तीही "मी येऊन राहिलो आहे", "ताला लावून दे" अशी. बोलतो तो झकास, वाचतो अक्षर लावून. त्याने कागद फ्रेम करून नानांच्या फोटोखाली लावला आणि फॅमिली ग्रुपवर फोटोसोबत हिंदी अर्थही टाकला: रास्ते में किसी का हिस्सा नहीं, मेरे बाद कोई किसी के रास्ते न जाए, सब अपने-अपने रास्ते से जाएँ, लगे तो एक-दूसरे का रास्ता देखें.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोळाच्या पुढच्या तोंडाशी गेटला ताला.

आम्हाला कळलं ते कचरागाडीमुळे. इंदुरात सकाळी गाणं वाजवत कचरागाडी येते, २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर काढायचा म्हणजे ती वेळेवर येते आणि कोणासाठी थांबत नाही, आई ओल्या-सुक्याचे दोन डबे घेऊन बोळातून निघाली आणि गेटपाशी उभी. पलीकडे गाडीचं गाणं लांब लांब जातंय, अलीकडे आई, मध्ये गज. त्या दिवशी डबे परत घरात आले आणि घरात जे काही बोललं गेलं त्यात वाट हा शब्द एकदाच आला, "लावली" बरोबर.

कोणाचं कुठे बिनसलं

आता इथे लगेच दादाला शिव्या घालू नका. मी घातल्या होत्या, पण मग रात्री कागदाचा फोटो उघडून त्याच्या डोळ्यांनी वाचून बघितलं आणि गप्प बसले. त्याचं वाचन इकडून तिकडे एकसंध आहे. वाटेला वाटा नाही, म्हणजे रस्त्यात कोणाचा हिस्सा नाही. कोणी कोणाच्या वाटेला जाऊ नये, म्हणजे दुसऱ्याच्या रस्त्याने जायचं नाही. आपापल्या वाटेने जावे, आणि आम्हाला मागचं दार आहेच की. एक वाक्य दुसऱ्याला टेकू देतंय. चुकीचं वाचन सहसा कुठेतरी अडखळतं, हे अडखळतच नाही, हेच त्याचं वाईट.

मराठी घरात वाढलेल्याला "त्याच्या वाटेला जाऊ नकोस" म्हटलं की रस्ता दिसतच नाही, दिसतो तो डोळे वटारलेला माणूस. वाटेला जाणं म्हणजे खोडी काढणं, कुरापत काढणं. पण हा अर्थ शब्दांत कुठे लिहिलेला नाहीये ना, तो ऐकून ऐकून येतो. आणि दादाने तो ऐकला नसेल असं नाही, आजी दिवसातून दहा वेळा म्हणायची "कुत्र्याच्या वाटेला जाऊ नका रे", पण आमच्या लहानपणी ते कुत्रं खरोखरच बोळात बसायचं! म्हणजे त्याच्यासाठी त्या वाक्याचा अर्थ आयुष्यभर "कुत्रा बसलाय तिकडून जाऊ नका" असाच राहिला. हे त्याने मला नंतर सांगितलं तेव्हा मी हसता हसता खाली बसले.

गंमत म्हणजे शेवटचं वाक्य त्याने बरोबर लावलं होतं. हिंदीतही रास्ता देखना म्हणजे वाट पाहणंच, जुन्या हिंदीत तर बाट जोहना. आपला व तिकडे ब होतो, वाटेची बाट, वाटसरू तिकडे बटोही, आपला वाटमाऱ्या त्यांचा बटमार. मूळ एकच, संस्कृत वर्त्मन्, प्राकृतात वट्ट, आणि मग मराठीत वाट. दादाला हे सांगितल्यावर तो म्हणाला "तो फिर बाटी?" दाल-बाटीवाली. तीही याच बाजूची, पण रस्त्यातून आलेली नाही, गोल या अर्थाच्या घराण्यातली, आपली वाटी पण तिकडचीच. म्हणून इंदुरात आलेला नवा पुणेकर जेवताना "एक वाटी द्या" म्हणतो आणि ताटात तुपात बुडवलेला कणकेचा गोळा येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पण मूळ कारण कागद नव्हता, हेही लिहायला पाहिजे. आमची अॅक्टिव्हा रात्री बोळात उभी असायची. साडेतीन फुटातले दोन फूट तिने खाल्लेले. मोठी काकू, म्हणजे दादाची आई, गेल्या पावसाळ्यात रात्री लाइट गेलेली असताना तिच्या स्टँडला अडखळून पडली, हाताला प्लास्टर, दीड महिना. दादा तेव्हा काही बोलला नाही. आम्हीही दोन दिवस गाडी बाहेर लावली आणि मग परत आत. तर कागद सापडला नसता तरी कधी ना कधी काहीतरी झालंच असतं, कागदाने फक्त त्याला नानांचा शिक्का दिला.

वाटाघाटी

बाबा दोनदा पुढे जाऊन आले, म्हणजे मागच्या फटीतून बाहेर पडून, कोपऱ्यावरून वळून, रस्त्याने ओटल्यावर. दोन्ही वेळा वाटाण्याच्या अक्षता. दादा उद्धट नव्हता बोलला, चहा दिला, पण फोटोकडे बोट दाखवून "काका, नानांनी लिहिलं आहे, मी काय करू." बाबा नानांचा मुलगा असून त्यांना वडिलांच्याच अक्षरासमोर उत्तर सुचेना.

पलीकडच्या वाड्यात एक वकीलकाका आहेत, त्यांनी ओटल्यावर बसल्या बसल्या फुकट सल्ला दिला. हे पान म्हणजे वाटणीपत्र नाही, स्थावराची वाटणी लिहून करायची तर १९०८च्या रजिस्ट्रेशन ॲक्टप्रमाणे दस्त नोंदवावा लागतो. मी विचारलं वहिवाटीचं काय, इतकी वर्षं तिथून जातोय. ते म्हणाले वहिवाटीला १८८२चा कायदा आहे, वीस वर्षं बिनातक्रार, उघडपणे, हक्काने वापर पाहिजे, पण तो दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्यासाठी. वाटणी नोंदवलेलीच नसेल तर वाडा अजून सगळ्यांचा, आणि मालकाला स्वतःच्या जमिनीवर वहिवाट कशाला हवी? या कायद्याला हिंदीत सुखाचार अधिनियम म्हणतात. सुखाचार! बाबांना तो शब्द इतका आवडला की दोन दिवस ते मागच्या फटीतून एसीचं पाणी चुकवत जाताना "सुखाचार, सुखाचार" म्हणत जायचे. पण कोर्टाचं नाव काढलं की एकच वाक्य, "वाटणी होईपर्यंत वाटोळं होईल." वाटोळं म्हणजे मुळात नुसतं गोल, वर्तुल या संस्कृत शब्दाचंच घासून झालेलं रूप, त्याचा अर्थ सत्यानाश का झाला यावर नानांचं म्हणणं होतं की शून्य गोल असतं म्हणून. नानांचं सगळंच खरं मानू नये, हे आता कळलंय.

मग मी शब्दाच्या बाजूने लागले. माझा मुद्दा एकच होता आणि मला तो अजूनही बिनतोड वाटतो. नानांनी एकाच वाक्यात आधी "वाटेला" लिहिलंय आणि लगेच "वाटेने". रस्त्याने जाणं सांगायचं तेव्हा ने वापरलाय, आपापल्या वाटेने. मग पहिल्यांदा तेच म्हणायचं असतं तर "कोणाच्या वाटेने जाऊ नये" लिहिलं असतं, ला कशाला घातला असता? मराठीच्या मास्तराच्या हातून एका ओळीत दोन विभक्ती उगाच पडत नाहीत. मी हे दादाला ग्रुपवर न टाकता फोनवर सांगितलं, दहा मिनिटं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "मग वाटेला लागला काय असतं? ते तर रस्त्यालाच लागणं ना?"

खरंच की. वाटेला लागणं म्हणजे निघणं, तिथे ला आहे आणि रस्ता पण आहे. माझा पॉइंट तिथल्या तिथे अर्धा झाला. (पूर्ण नाही, कारण "कोणाच्या तरी" वाटेला लागत नाही आपण, माणसाची षष्ठी आली की अर्थ फिरतो, पण हे मला रात्री अकरा वाजता सुचलं आणि तेव्हा फोन करणं शोभलं नसतं.)

मला नानांचाही राग आला होता, लिहूनच टाकते. "वाटेला वाटा नाही" या वाक्याचे दोन सरळ अर्थ होतात, वाटेचे भाग पाडायचे नाहीत हा एक, आणि वाटेत कोणाला हिस्सा नाही हा दुसरा, आणि दोन्हींतून उलट निकाल निघतात. तोंडी कोटी करताना ऐकणारा समोर असतो, त्याचा चेहरा बघून आपण सांगू शकतो काय म्हणायचंय ते. कागदावर केली आणि वर गेलात, आता कोण विचारणार. जुन्या शुद्धलेखनात निदान वांटा, वांटणी असा अनुस्वार द्यायचे, रस्त्याची वाट बिनटिंबाची आणि हिश्शाचा वांटा टिंबाचा, डोळ्याला तरी फरक दिसायचा. संस्कृत वण्ट् मधला तो ण, हिंदीने बाँटना मध्ये अजून नाकात धरून ठेवलाय, मराठीत उच्चारातून गेला म्हणून १९६२च्या नियमांनी लिहिण्यातूनही गेला. नाना मास्तर, नियम पाळणारे, टिंब दिलं नाही.

गणपती बसले. आमच्याकडे गणपती एकच, पुढे बसतो. म्हणजे दहा दिवस दोन वेळा आरतीला आम्ही सगळे, बाबा, आई, मी, भाऊ, नैवेद्याचं ताट घेऊन मागच्या फटीतून, कोपऱ्यावरून, पानवाल्यासमोरून, ओटल्यावर. पानवाला रोज विचारायचा, "क्या भिया, घर में ही यात्रा निकाल रहे हो?" आत गेलं की सगळं नेहमीसारखं, वहिनी आईच्या हातून ताट घ्यायची, भाचा टाळ बडवायचा, आरती झाली की परत प्रदक्षिणा. कोणीच काही बोलत नव्हतं. फक्त भाच्याने खेळ काढला होता, रोज आरतीनंतर वाटचा एक नवा शब्द सांगायचा. पायवाट, आडवाट, पळवाट, चोरवाट, वाटाड्या, वाटखर्ची, वाटेकरी. सिंहाचा वाटा तो स्वतः सांगायचा आणि खारीचा वाटा मला द्यायचा. एकदा म्हणाला "साठ वाट", मी म्हटलं हा काय शब्द, तर म्हणे बल्ब, इलेक्ट्रिशियन म्हणतो ना, कितने वाट का लगाऊँ. जेम्स वॅट नावाचा स्कॉटिश इंजिनिअर आमच्या यादीत असा आला. दादा तोंड फिरवून हसत होता, मी पाहिलं.

अनंत चतुर्दशी

आत्या बडोद्याहून विसर्जनाच्या आदल्या रात्री आली. तिला आधी काही सांगितलं नव्हतं. ती रिक्षातून उतरून सवयीने बोळात शिरली आणि गेटवर आपटली.

रात्रभर तिने दोन्ही बाजू ऐकल्या, आधी पुढे जेवली, मग मागे झोपली. सकाळी म्हणाली, माझ्याकडे गुजरातीत तर दिव्याच्या वातीला पण वाट म्हणतात, तुम्ही त्यावरून कधी भांडणार? आणि पाटा मांडून बसली, कारण विसर्जनाच्या दिवशी वाटली डाळ झाल्याशिवाय आमचा गणपती हलत नाही. मिक्सर आहे, पण आत्या आली की पाटा-वरवंटा. हरभऱ्याची डाळ रात्री भिजवलेली, मिरची, आलं, आणि वरवंट्याचा तो घर्र-खर्र आवाज. आड चौकात, पाटा आडाजवळ, डाळ परतायला पुढच्या स्वयंपाकघरात न्यायची कारण प्रसाद पुढे वाटायचा. वहिनी पुढून मोटर चालवायची तशी चालवायला गेली. इथे सांगायचं राहिलं, नर्मदेचं पाणी आमच्याकडे एक दिवसाआड येतं आणि मधल्या दिवशी आडाचं, एक दिवस आड म्हणून आडाचं, ही पण नानांचीच. आड मागे, मोटरचं बटण पुढे, दोन्ही घरं त्याच आडावर.

मोटर पाणी ओढेना, फूटव्हॉल्व्हमध्ये हवा धरली असणार, वरून पाणी ओतायला पाहिजे. म्हणजे कोणीतरी पुढून मागे आडावर यायला हवं. दादा ताल्याची किल्ली घेऊन गेटपाशी आला. आत्या वरवंटा हातात धरून बसल्या बसल्या म्हणाली, "का रे, कोणाच्या वाटेने येतोयस?"

तो थांबला. खरंच थांबला, किल्ली ताल्यात, हात किल्लीवर.

"ती फ्रेम आण जरा," आत्या म्हणाली, "मला नानांचं अक्षर बघायचंय." वहिनीने आणून गजांमधून दिली. आत्याने हात पुसले, मागचे चार खिळे वरवंट्याच्या टोकाने वाकवले (दादा "अगं आत्या" म्हणेपर्यंत), पान बाहेर काढलं आणि, मला अजून कळत नाही आम्हा इतक्या शिकलेल्या लोकांना हे अठरा दिवस का नाही सुचलं, उलटलं.

मागे तीन ओळी होत्या.

"तुळशीला वाटा नाही. आडाला वाटा नाही. गणपतीला वाटा नाही."

आत्याने मोठ्याने वाचलं आणि दादाला म्हणाली, कर आता याचं हिंदी. दादाने तोंडातल्या तोंडात केलं, गणपति में किसी का हिस्सा नहीं, आणि त्यालाच ते कसंतरी लागलं. वहिनी मागून म्हणाली, "मग तर मोटर पण बंद करावी लागेल. आणि गणपती पण." ती हे चिडून नाही बोलली, हिशोब मांडल्यासारखं बोलली, आणि मला वाटतं माझ्या सगळ्या विभक्तींपेक्षा तेच लागू पडलं. आडाला वाटा नाही म्हणजे आड बंद असं वीस वर्षांत कोणी धरलं नव्हतं, दोघांचा म्हणूनच धरलं होतं. गणपती एकच बसत होता. मग वाटेलाच वेगळा न्याय कुठून आला?

"पण मग वाटेला जाऊ नये म्हणजे काय?" दादाने विचारलं. भांडायला नाही, खरंच विचारलं.

आत्या म्हणाली, "अरे, कोणी कोणाची कुरापत काढू नये."

"मतलब... कोई किसी से पंगा न ले?"

"हां."

दादा थोडा वेळ फ्रेमच्या रिकाम्या काचेकडे बघत राहिला. "तर असं सांगायचं ना," म्हणाला. मग किल्ली फिरवली. गेट गंजलं होतं, अठरा दिवसांत पावसाने, लाथ घालावी लागली.

मग त्याने आडात वाकून पाइपात पाणी ओतलं, मोटर धरली, आत्याने डाळ वाटली, वहिनीने परतली, वर खोबरं-कोथिंबीर, लिंबू, आणि दुपारी आरतीनंतर भाचा प्रसाद द्यायला उभा राहिला तेव्हा बाबांना राहवलं नाही. "डाळ वाटली, आता वाटली, तरी कमी पडेलसं वाटलं!" बाबा एरवी कोट्या करत नाहीत, नानांनी त्या घरात जागाच ठेवली नव्हती. दादा म्हणाला परत सांगा काका, हळू. बाबांनी बोटांवर मोजून सांगितलं, पहिलं वाटणं पाट्यावरचं, दुसरं हातावरचं, तिसरं मनातलं. दादाने हिंदी करून बघितलं, पीसी, बाँटी, लगा, तीन वेगळे शब्द पडले आणि कोटी सांडली. "हिंदी में मज़ा नहीं आया," म्हणाला आणि स्वतःच पुन्हा मराठीत म्हणून बघितली.

संध्याकाळी विसर्जन केलं, रात्री सगळे झांक्या, म्हणजे चित्ररथ, बघायला गेले, मिलवाल्यांच्या झांक्यांची मिरवणूक इंदुरात पहाटेपर्यंत चालते, मी आणि काकू तेवढ्या घरी. काकू म्हणाली गाडी बाहेर लावत जा ग. मी हो म्हटलं. अॅक्टिव्हा तेव्हापासून दुकानासमोर असते, दुकानदार त्याचे महिन्याला पैसे मागतोय, ते वेगळं प्रकरण.

गेट काढलेलं नाही. दादाचं म्हणणं आहे चोरांसाठी असू दे, बाबांचं म्हणणं आहे चोरवाट मागून आहे, पुढून कशाला, यावर अजून चालू आहे. ताला मात्र नाही. पान परत फ्रेममध्ये आहे, आता दोन्हीकडून काच, त्याला साधी फ्रेमवाला साडेतीनशे म्हणत होता, दोन्ही काचेची पाचशे, अर्धे आम्ही दिले. आणि बोळात बल्ब लावलाय, आधीचा पिवळा गेला होता तो दोन महिने कोणी बदललाच नव्हता, कारण वाटेला वाटा नाही म्हणजे बल्ब कोणी आणायचा. भाच्याने आणला. एलईडी. खोक्यावर बघून मला म्हणाला, "ताई, मोजून आणला, नानांनी लिहिलेत तेवढेच. नऊ वाट."